ब गट म्हणजे कोण?

"ताई, फाळका सोडू का?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

"सोडा, सोडा. आधीच पाऊण तास उशीर झालाय," मी घड्याळाकडे बघत म्हणाले.

त्यानं कडी काढली. ट्रॉलीचा मागचा फाळका धाडकन खाली आला आणि पाठोपाठ सुतळीनं बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे घसरत, एकमेकांवर चढत नव्या इमारतीच्या ओट्यावर येऊन पडले. पाचशेच्या आसपास गठ्ठे होते. कडेला उभी असलेली पोरं 'ओ ओ ओ' करत मागं सरली. मग ट्रॉलीतून पांढऱ्या चिठ्ठ्या उडाल्या. आधी दोन-चार, मग मूठभर, मग शेकड्यांनी. वाराही त्या दुपारी कधी नव्हे तो सुटला होता. काही चिठ्ठ्या व्हॉलीबॉलच्या जाळ्यात अडकल्या, बाकीच्या कुंपण ओलांडून पलीकडच्या उसात गेल्या.

त्या प्रत्येक चिठ्ठीवर एक पत्ता होता. कपाट अमुक, खण तमुक. चिठ्ठी सुतळीखाली खोचलेली असायची आणि त्यावर बघून गठ्ठा नव्या जागी लावायचा, अशी माझी योजना होती.

"आयला," आमच्या वर्गातला अभिनंदन खोत म्हणाला, "वऱ्हाड आलं, पण कुठल्या मांडवात जायचं तेच कळंना."

एरवी खोतच्या बोलण्यावर वर्ग हसून लोळायचा. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

ही सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. सांगलीपासून तासाभराच्या अंतरावर, उसाच्या पट्ट्यात आमचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं आणि मी शेवटच्या वर्षाला होते. त्या वर्षी विद्यापीठानं एक नवा विषय आणला होता, प्रकल्प व्यवस्थापन. शिकवायला मुळगुंद सर. वीस वर्षं धरणांच्या कामावर काढून हा माणूस प्राध्यापक झालेला. तोंडात कायम लवंग आणि बोलणं मोजून मापून. पहिल्याच तासाला त्यांनी विटेएवढं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे वाचा. पन्नास मार्क ह्याचे. उरलेले पन्नास आपली लायब्ररी जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत नेण्याचे. अठरा हजार पुस्तकं आहेत, तुम्ही पंचवीसजण आहात. गुरुवार ते रविवार, चार दिवस. सोमवारी सकाळी लायब्ररी उघडी पाहिजे. प्रमुख कोण होणार?"

माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला होता. लहानपणापासून मला हीच खोड. घरी लग्नकार्य असलं तरी यादी मीच करायची आणि आईनं त्यात हात घातला की चिडायची. ह्या कामासाठी तर मी आठ दिवस खपून चार रंगांत एक तक्ता काढला होता. कुठलं काम कधी सुरू होणार, कशावाचून कशाचं अडणार, कुठं किती मिनिटं. अ गट पुस्तकं कपाटातून काढणार, ब गट गठ्ठे बांधणार, क गट वाहून नेणार, ड गट लावणार. सरांनी तक्ता दोन मिनिटं बघितला आणि नुसतं "छान" म्हणाले. त्या 'छान'वर मी आठवडाभर तरंगत होते.

पहिल्या दोन खेपा सावकाश नेल्या, पोरं ट्रॉलीत गठ्ठे धरून बसली, सगळं सुरळीत झालं. पण वेळ मागं पडला. म्हणून शनिवारच्या तिसऱ्या खेपेला मी उरलेलं सगळं एकदम भरायला लावलं, पोरांना उतरवलं आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, जरा दामटा. पुढं जे झालं ते ओट्यावर पसरलं होतं.

आमच्या ग्रंथपाल शहापुरेबाई चष्मा कपाळावर चढवून बाहेर आल्या. त्यांनी ढीग बघितला आणि खालीच बसल्या.

"बाई, पुस्तकांवर नंबर आहेत ना?" मी घाईनं म्हणाले. "नंबरावरून लावू."

"नंबर पुस्तक दाखल झाल्याचा आहे, राजश्री. ते कुठल्या कपाटात, कुठल्या खणात राहतं ते वहीत. आणि दर कपाटाची वही वेगळी. ह्या खेपेची बारा कपाटं, बारा वह्या. म्हणजे एक पुस्तक हातात घ्यायचं आणि ते सापडेपर्यंत बारा वह्या चाळायच्या. सहा हजार पुस्तकं आहेत ह्या ढिगात." त्यांनी एक गठ्ठा मांडीवर ओढला. "आणि ह्यातच कशाची पुस्तकं मिसळलीत, माहीत आहे ना? बुकबँकेची."

ते मला माहीत होतं. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. आमच्यातल्या बहुतेकांकडे स्वतःची पुस्तकं होती. पण कॉलेजात एकतीस मुलं अशी होती, की ती बुकबँकेवर शिकत होती. सत्राच्या सुरुवातीला पाच पुस्तकांचा संच न्यायचा, परीक्षा झाली की परत. ह्या हलवाहलवीत मोजदाद नीट व्हावी म्हणून बुधवारी त्यांच्याकडून सगळे संच परत मागवले होते. "सोमवारी लगेच मिळतील," असं मीच नोटिस बोर्डावर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं.

मुळगुंद सर आले. ढिगाभोवती एक फेरी मारली.

"उद्या संध्याकाळपर्यंत होईल?" त्यांनी मला विचारलं.

"हो सर."

"हो नको. कसं, ते सांगा."

मी तक्त्याची घडी उलगडली आणि पुन्हा मिटली. सर म्हणाले, "मी प्राचार्यांशी बोललो. त्यांचं म्हणणं, ढीग आहे तसा खोलीत टाका, कुलूप लावा, परीक्षा झाल्यावर जानेवारीत माणसं लावून बघू. मी त्यांच्याकडून उद्या सकाळी नऊपर्यंत मुदत घेतलीय. नऊ वाजता तुमच्याकडे रस्ता असला तर सांगा. नसला तर कुलूप."

ते गेले. पोरं हळूहळू पांगली. ओट्याच्या टोकाला एकटा भागवत सानप राहिला. हा मुलगा बीडकडचा, वसतिगृहात राहणारा. तीन वर्षांत माझं त्याच्याशी दहा वाक्यांपलीकडे बोलणं झालं नव्हतं. सुट्टीत घरी जात नसे, सहलीला येत नसे, घरचं कुणी त्याला भेटायला आलेलं कुणी बघितलं नव्हतं. तो बुकबँकेवर शिकतो एवढं मात्र मला ठाऊक होतं. गुरुवारी काम सुरू करताना तो माझ्याजवळ येऊन म्हणाला होता, "मगदूम, बांधणारा एक अन् लावणारा दुसरा, असं नको करू." आणि मी म्हटलं होतं, "सानप, तक्ता झालाय आता." आज तो ते बोलून दाखवेल म्हणून मी मान वर करत नव्हते.

त्यानं तो विषय काढलाच नाही. "तुझ्याकडं लूना आहे ना?" त्यानं विचारलं.

"आहे."

"उद्या पहाटे साडेपाचला फाटकात ये. माझ्या ओळखीत एक माणूस आहे. अशी कामं रोज करतो."

"कुठल्या कंपनीत?"

"ते तिथं गेल्यावर बघ. पण एक सांगतो. मी कुठं नेलं, कुणाकडं नेलं, हे वर्गात बोलायचं नाही. शप्पथ घे."

बुडत्याला काडीचा आधार. मी विद्येची शप्पथ घेतली.

पहाटे कडाक्याची थंडी होती. लूनावर मी पुढं आणि भागवत मागं, मफलर डोक्याला गुंडाळून. माझ्या डोळ्यांपुढे कुणी बांधकामावरचे साहेब होते, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. कारखान्याच्या रस्त्यानं आठ-नऊ किलोमीटर गेल्यावर भागवत म्हणाला, "डावीकडं घे." डावीकडं नुसता ऊस. बांधाला लूना लावली. समोर अर्धा फड तोडून झाला होता आणि उरलेल्या अर्ध्यात कोयत्यांचा खसाखस आवाज चालला होता. उसाच्या वाळक्या पाचटावर दव पडलेलं, माणसांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

फडाच्या मधोमध एक बाई उभी होती. चाळिशी उलटलेली, काटक, नऊवारीवर पुरुषाचा जुना सदरा घातलेला, डोक्याला फडकं. तिनं आम्हाला लांबूनच बघितलं आणि कपाळावर हात धरून डोळे बारीक केले.

"ती माझी आई," भागवत म्हणाला. "सुभद्रा सानप. अकरा कोयत्यांची मुकादम."

मी त्याच्याकडं बघत राहिले. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एवढं आमच्या भागात सगळ्यांना माहीत असतं. अकरा कोयते म्हणजे बावीस माणसं. आणि मुकादम बाई, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"दादांचा, माझ्या वडलांचा, पाय गाडीखाली आला, तेव्हापासून टोळी ती सांभाळते," तो भराभर बोलला. "तीन हंगाम इथल्याच कारखान्यावर येते. हॉस्टेलवर पोरं तोडणीवाल्यांना काय काय बोलतात ते तू ऐकलंयस. म्हणून शप्पथ घातली."

मी ऐकलं होतं. खरं सांगायचं तर हसलेही होते कधीकधी.

सुभद्रामावशी हात पुसत आल्या. आधी माझ्याकडं, मग लेकाकडं बघितलं. "तीन वर्सात पहिल्यांदा कुनाला संगं आनलंस रं," त्या म्हणाल्या. "काय झालंय? आजारी हाईस का?"

"आजारी नाय, आई. हिचं काम अडलंय. आन् माझं बी."

मी सगळं सांगितलं. कपाटं, गठ्ठे, चिठ्ठ्या, ट्रॉली. सोमवारी लायब्ररी उघडली नाही तर भागवतला परीक्षेला पुस्तक मिळणार नाही, हेही सांगितलं. ते ऐकल्यावर त्यांनी डोक्याचं फडकं सोडून पुन्हा आवळून बांधलं.

"गठ्ठे बांधले कोनी?"

"ब गटानं."

"ब गट म्हंजी कोन?"

मी गडबडले. "म्हणजे सहाजण होते. बांधण्याचं काम त्यांच्याकडे होतं."

"नावं काय त्यांची?"

मला सहापैकी चारच नावं सांगता आली. माझ्या तक्त्यावर गट होते, बाण होते, मिनिटं होती. माणसांची नावं मी लिहिलीच नव्हती. चौकोनात मावत नव्हती.

"हितं ये," त्या म्हणाल्या आणि मला बांधाच्या कडेला घेऊन गेल्या. तिथं तोडलेल्या उसाच्या मोळ्या गाडीची वाट बघत एका रांगेत पडल्या होत्या. उसाच्याच शेंड्याच्या हिरव्या वाढ्यानं बांधलेल्या, चाळीस-पन्नास. मला सगळ्या सारख्या दिसत होत्या.

"ही आसराची," त्या बोट दाखवत चालू लागल्या. "डावरी हाय ती, पीळ उलटा बसतो. ही मंडाबाईची, दोन येढे देती, तिचा जीवच भित्रा. ही सखारामाच्या बायकोची, शेंडी आत खोचती. ही आसराची. ही पुन्ना मंडाची. आन् ही कोनाची, ही कोनाची..." त्या वाकल्या. "ए नवनाथ! ही तू बांधली का रं? बायकू कुठं हाय?"

फडातून एक तरुण उभा राहिला. "तिला ताप हाय, मावशी. म्या बांधली."

"मंग सांगायचं न्हाई? जा, चा करून दे तिला. तुझी सरी दत्तू घेईल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बगितलंस? मोळी बोलती. चिठ्ठीचं काय, चिठ्ठी वाऱ्यानं जाती. मानूस बांधताना आपला हात सोडून कसा बांधंल?"

मी एका मोळीजवळ बसले. आसराबाईची गाठ खरंच उलटी होती. एकदा दिसल्यावर ती रांगेत कुठंही ओळखू येत होती.

"त्या सा जनांना हुबं कर ढिगापुढं," मावशी म्हणाल्या. "म्हनावं, आपापली गाठ उचला. एका ढिगाचे सा ढीग व्हतील. कोन कोनत्या कपाटापाशी बसला व्हता ते त्याच्या ध्यानात असनारच की. मंग काय ऱ्हायलं?"

"प्रत्येकानं दोन कपाटं बांधली होती," मी उठत म्हणाले. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडायला लागला होता. "म्हणजे एका ढिगाला बारा नाही, दोनच वह्या बघायच्या. दोनच!"

"आन् आता पुन्ना ते गटबिट करू नको. एकानं काडायचं, दुसऱ्यानं बांदायचं, तिसऱ्यानं न्यायचं, मंग बिघडलं की कोनाचंच न्हाई. जोडी लाव. एक जोडी, एक कपाट. उचलन्यापसून लावन्यापतुर त्यांचंच. ज्याचं त्याला दिलं का मानूस मरस्तोवर करतं."

शेजारी एकजण मोळी उचलत होती, तिला मदत करावी म्हणून मी नकळत हात घातला होता. त्यांनी माझं मनगट धरलं. "ठिव खाली. बावीस जनं हाईत उचलाया. तू बघ. मुकादमानं मोळी उचलली का मंग कोन आजारी हाय ते दिसत न्हाई."

मुळगुंद सरांच्या विटेएवढ्या पुस्तकाची मी तीनशे पानं वाचली होती. त्या तीनशे पानांत मला जे कळलं नव्हतं ते ह्या बाईनं पाचटात उभं राहून दहा मिनिटांत सांगितलं. निघताना त्यांनी फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या आणि ठेचा माझ्या हातात दिला. "त्याला दे निम्मं. तो मागायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

नऊला पाच मिनिटं कमी असताना आम्ही ओट्यावर पोचलो. सर आले होते, प्राचार्यांचा शिपाई कुलूप घेऊन उभा होता आणि वर्ग मयताला जमल्यासारखा कडेनं बसला होता. मी एका दमात सगळी योजना सांगितली. सहाजण, सहा ढीग, बारा जोड्या, बारा कपाटं.

"गाठी ओळखायच्या?" खोत म्हणाला. "मगदूम, डोकं फिरलं काय तुझं? सुतळीची गाठ ती सुतळीची गाठ. काय पण सांगती!"

ह्यावर मात्र वर्ग हसला. शिपाईसुद्धा हसला.

सर हसले नाहीत. त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "कल्पना चांगली आहे. पण प्राचार्य मला विचारतील, हे आधी कुठं केलेलं आहे का? कुणी केलंय?"

"सर, मी... एका अनुभवी व्यवस्थापकांना भेटून आले."

"कोण?"

मला शप्पथ आठवली आणि मी वही मिटली.

"नाव सांगा, मगदूम. बिननावाच्या माणसाच्या भरवशावर मी कुलूप मागे पाठवू शकत नाही."

मी भागवतकडे बघितलं नाही. मुद्दाम खाली, पायांकडे बघत राहिले. मनात म्हटलं, गेलं सगळं. पण शब्द दिला तो दिला. माझ्यामुळं ह्याची पुस्तकं गेली, आता निदान झाकलेलं तरी उघडं पडायला नको.

"माझी आई, सर," मागून आवाज आला.

भागवत उभा राहिला होता. त्याचे कान लाल झाले होते आणि हात शर्टाचं टोक चुरगाळत होते, पण आवाज ठाम होता. "सुभद्रा सानप. ऊसतोडीची मुकादम आहे. अकरा कोयते तिच्या हाताखाली आहेत. रोज चारशे मोळ्या बांधून होतात आणि कुठली मोळी कुणाची ते तिला बघून कळतं. तीन हंगाम झाले, तिची एक गाडी उशिरा भरली नाही. इथनं नऊ किलोमीटरवर फड आहे. मी तिथलाच आहे, सर. मीसुद्धा दहावीपर्यंत मोळ्या वाहिल्यात."

ओट्यावरची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ही तीच पोरं होती, जी वसतिगृहाच्या गच्चीवरून तोडणीच्या गाड्यांना हाका मारायची. तीन वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट ह्या मुलानं एकतीसजणांच्या पुस्तकांसाठी पंचवीस माणसांपुढं ठेवून दिली होती. मी त्या क्षणी त्याच्याइतकं कुणालाच मोठं मानलं नसतं.

सर शिपायाकडे वळले. "ते कुलूप घेऊन जा. साहेबांना सांग, काम सुरू झालंय."

मग खोत उठला. ढिगाजवळ गेला. तो ब गटातला होता, आणि माझ्या लक्षात न राहिलेल्या दोन नावांत त्याचं एक होतं, हे सांगायला मला आजही लाज वाटते. त्यानं एक गठ्ठा उचलला, उलटा-सुलटा केला, खाली ठेवला. दुसरा उचलला. तिसऱ्याला त्याचा चेहरा बदलला.

"ही माझी हाय," तो म्हणाला. "आयला, खरंच माझी हाय. मी फास मारून वर बो काढतो, बुटाच्या नाडीसारखा. ही पण माझी. सानप, ही बघ, ही पण!"

मग कोण थांबतंय! सहाचे सहा ढिगावर तुटून पडले. वैशाली पाटील सुतळी नायलॉनच्या दोरीसारखी तीनदा पिळायची, एकजण सुतळी दातानं तोडायचा म्हणून त्याच्या गाठीचे धागे पिंजारलेले. साडेअकराला एका ढिगाचे सहा ढीग झाले. मी वहीत चोवीस नावं लिहून बारा जोड्या लावल्या आणि दर जोडीच्या हातात एक वही दिली. त्या दिवशी मी एकही पुस्तक उचललं नाही. नुसती फिरत राहिले. चौथ्या कपाटावरची जोडी भांडत होती, ती बदलली. नवव्या कपाटाचा एक खण पुस्तकांच्या उंचीला कमी पडत होता, त्याची फळी सुताराकडून खाली सरकवून घेतली. एका मुलीला चक्कर येत होती. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिला सुभद्रामावशींनी दिलेली माझ्या वाट्याची भाकरी दिली.

सहाला दहा मिनिटं असताना शहापुरेबाईंनी बाराव्या कपाटाची वही मिटली आणि डोळे पुसले. सोमवारी सकाळी लायब्ररी उघडली. बुकबँकेच्या खिडकीशी एकतीस मुलं रांगेत होती आणि बारापर्यंत एकतीस संच गेले. भागवत सतरावा होता. त्यानं पाची पुस्तकं छातीशी धरली आणि वाचनालयात जाऊन बसला.

पुढच्या रविवारी ठेवलेला आमचा जादा तास मुळगुंद सरांनी कॉलेजात घेतलाच नाही. कॉलेजची बस मागवली आणि आम्हा सगळ्यांना त्या फडावर नेलं. पंचवीसजण वह्या घेऊन बांधावर उतरताना बघून कोयते थांबले. सुभद्रामावशी लगबगीनं आल्या. सरांनी हात जोडले.

"बाई, मी मुळगुंद. ह्या मुलांना कामं कशी चालवायची ते शिकवतो. आज तुम्ही शिकवा, मीही ऐकायला आलोय."

मावशींचं सरांकडं लक्षच नव्हतं. त्या लेकाकडं बघत होत्या. "समद्यांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"तू माझी आई हाईस. मुकादम हाईस."

त्यांनी तोंड उसाकडं फिरवलं. मग एकदम मोठ्या आवाजात म्हणाल्या, "उन्हात नका थांबू रं लेकरांनो. बाभळीखाली चला. आदी पानी प्या."

तासभर त्या बोलल्या. टोळी कशी जमवायची, कुणाला कुणाच्या शेजारची सरी द्यायची नाही, गाडी यायला उशीर झाला तर माणसं रिकामी कशी बसू द्यायची नाहीत, रागावलेला माणूस कामाला कसा लावायचा. सर खाली मांडी घालून बसले होते आणि चक्क लिहून घेत होते. खोतनं विचारलं, "मावशी, तुम्ही कागदावर काहीच मांडत नाही?"

"लिवता आलं असतं तर मांडलं असतं की," त्या म्हणाल्या. "पन नावं पाठ हाईत. बावीस जनांची, आन् त्यांच्या लेकरांची बी."

निघताना सगळे बसमध्ये चढत होते. मावशींनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

"पोरी, तुमच्या कालेजाच्या फाटकावरनं आमची गाडी जाती. रोज, सांजच्याला."

"माहीत आहे, मावशी. सगळ्याच जातात."

"तीन वर्सं झाली. फाटक आलं का मी तोंडावर पदर घेती. पोरगं कदी दोस्तांसंगं हुबं असतं तिथं. मला बगून त्याची मान खाली जाया नको." हे त्यांनी उद्या बाजार आहे असं सांगावं तसं सांगितलं. "त्याला म्हाईत न्हाई. सांगू नको. उद्यापसून न्हाई घेनार."

मी त्यांच्या पाया पडले आणि बसमध्ये चढले.

आज माझ्या हाताखाली मोठमोठी कामं चालतात आणि दर कामाच्या पहिल्या दिवशी मी माणसांची नावं पाठ करते. पण मला सांगायचं आहे ते फडावर गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशीचं, सोमवारचं. संध्याकाळी मी काहीतरी निमित्त काढून भागवतला फाटकाशी नेलं. खोत आला, मग वैशाली, मग एकेक करत सगळा वर्ग. गाडी आली. उसाच्या मोळ्यांवर, सगळ्यात उंच, सुभद्रामावशी बसल्या होत्या. पदर खांद्यावर होता आणि मावळतीचं ऊन सगळं तोंडावर. भागवतनं अशी काही "आई!" म्हणून हाक मारली, की कॉलेजच्या दोन्ही मजल्यांवरची माणसं खिडक्यांत आली.